मला मामा म्हणू नका

"मामा, पाणी राहू द्या. पाच मिनिटं बसा इथं."

एचआर शिकवणारे सर असं म्हणाले आणि त्यांनी मला वर्गासमोरच्या खुर्चीत बसवलं. माझ्या हातात पाण्याचा जग होता. तो टेबलावर ठेवला आणि खुर्चीच्या कडेवर टेकलो. अंगात निळा शर्ट, खिशावर ठेकेदाराच्या कंपनीचा बिल्ला. समोर सगळा वर्ग. पोरंपोरी काळ्या कोटात. सोमवार होता, सोमवारी त्यांना कोट सक्तीचा.

टेबलापलीकडं एक मुलगी बसली होती. केस मागं घट्ट बांधलेले. पाठ ताठ. माझ्याकडं न बघता ती पाण्याच्या जगाकडं बघत होती.

ती माझी नात. अश्विनी. माझ्या लेकीची मुलगी.

त्या वर्गात हे दोघांनाच माहीत होतं. तिला आणि मला.

सर मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले. म्हणाले, "स्टार्ट."

"गुड मॉर्निंग, मामा," माझी नात म्हणाली.

मग ती इंग्रजीत बोलत गेली. त्यातलं मला सर्व्हिस कळलं. कंपनी कळलं. थँक्यू कळलं. शेवटी ती म्हणाली, "वी हॅव टू लेट यू गो."

गो मला कळतं. गो म्हणजे जा. मला वाटलं, पाच मिनिटं झाली, काम संपलं. मी उठलो आणि सवयीनं म्हणालो, "बरं, येतो."

वर्ग हसत सुटला. पोरांनी बाकं वाजवली. मागून एकजण ओरडला, "अरे, जा म्हणतायत आणि हे येतो म्हणतायत!"

निघताना जातो म्हणू नये, येतो म्हणावं, हे त्या वर्गातल्या निम्म्याअधिक पोरांना त्यांच्या आयांनी शिकवलं असणार. तरी हसले.

सरही हसले. पण शिकवायचं विसरले नाहीत. "हे बघा, याला म्हणतात डिनायल. आपल्याला काढलंय हे माणसाच्या डोक्यात शिरतच नाही. नोट करा." पोरांनी नोट केलं. मग सर म्हणाले, "अश्विनी, मराठीत सांग त्यांना. एम्प्लॉयीला समजेल अशा भाषेत बोलायचं असतं."

तिनं पाण्याच्या जगावरची नजर हलवली नाही.  

"मामा, तुमच्या कामाबद्दल तक्रारी आल्यात. तुमचं वय झालंय. उद्यापासून तुम्ही कामावर येऊ नका."

हे नाटक आहे असं मला कोणीही सांगितलं नव्हतं. आता लोक विचारतात, तुम्हाला कळलं कसं नाही? ज्याच्या पोटावर कधी पाय आला नाही तो हे विचारतो. त्याच महिन्यात ठेकेदारानं झाडूवाल्या दोन बायका अशाच उभ्या उभ्या काढल्या होत्या. सर मागं उभे, हाताची घडी घालून. सगळा वर्ग साक्षीला. आणि सांगणारी माझी नात. माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. आमचं नातं कळलं. आता पोरीच्याच तोंडून वदवून घेतायत. आज मी, उद्या ती.

मी हात जोडले. माझ्या नातीसमोर. या हातांनी तिला आंघोळ घातलीय, शाळेत पोचवलीय. ते हात तिच्यापुढं जोडले आणि म्हणालो, "मी जातो बाई. मला काढा. पण पोरीला ठेवा. पोरीचं काही करू नका."

"पोरीला? कुठली पोरगी, मामा?" सरांनी विचारलं. उत्तर ऐकायला थांबले नाहीत. वर्गाकडं वळून म्हणाले, "बघा. आता फॅमिली मध्ये आली. इमोशनल ब्लॅकमेल. एचआरनं इथं विरघळायचं नाही. गो ऑन, अश्विनी."

आणि अश्विनी म्हणाली, "मामा, तुम्ही आता जाऊ शकता."

टाळ्या पडल्या.

सरांनी येऊन माझ्या खांद्यावर थाप मारली. "अहो मामा, नाटक होतं! रोल प्ले! केवढे घाबरलात! एक नंबर केलंत. माझ्याकडून चहा घ्या आज."

मी बाहेर आलो. जिन्यापर्यंत आलो. तिथंच पायरीवर बसलो. आतून सरांचा आवाज येत होता. ते मार्क सांगत होते. अश्विनीला सगळ्यांत जास्त दिले.

पुण्यात कॉलेजच्या शिपायाला मामा म्हणतात. बाई असली तर मावशी. रिक्षावाल्याला काका, झाडूवालीला मावशी, आणि आम्हाला मामा. फार गोड शहर आहे. सगळ्यांशी नातं जोडतं. मामा म्हटलं की मान दिल्यासारखं दिसतं आणि द्यावं काहीच लागत नाही. नाव विचारावं लागत नाही. मामा, खडू. मामा, पंखा. मामा, बाथरूममध्ये कोणीतरी ओकलंय.

मार्केट यार्डात मी उमेदीची सगळी वर्षं पोती वाहिली. कंबर गेली तेव्हा सोडलं. तिथं शिव्या खाल्ल्या, खोटं कशाला बोलू. पण शिवीच्या पुढं माझं नाव असायचं. गाळ्यावरचा शेठ ओरडायचा तो माझ्या नावानं ओरडायचा. नावानं ओरडणाऱ्याला उलटून बोलता येतं. मी बोललोय. एकदा पोतं त्याच्या पायापाशी आपटून घरी गेलोय. दुसऱ्या दिवशी त्यानंच बोलावणं धाडलं. मामाला कुठं उलटून बोलता येतं? मामा म्हणजे प्रेमळ. मामा म्हणजे हसतमुख. आणि एखाद्याला फसवून त्याचं हसं केलं तर त्याला काय म्हणतात? मामा बनवला. ते पण हेच शहर म्हणतं.

अश्विनीला त्याच कॉलेजात बीबीएला जागा मिळाली. आता बीबीएलाही सीईटी द्यावी लागते. पोरीनं दिली. जावई लवकर गेला, तेव्हापासून लेक आणि नात माझ्याकडंच; घरात कोणाला सीईटी काय ते माहीत नव्हतं, तिनं मोबाईलवर बघून बघून अभ्यास केला. यादीत नाव लागलं तेव्हा माझ्या लेकीनं धायरीच्या आमच्या सगळ्या चाळीत साखर वाटली. मी कॉलेजात गेलो आणि संचालक मॅडमना सांगितलं. माझी चूक म्हणा, भोळेपणा म्हणा. मला वाटलं त्यांना आनंद होईल.

मॅडम फार सभ्य. आवाज कधी चढत नाही. मला कामावर घेताना त्यांनी आडनाव विचारलं होतं. मी सांगितलं. त्या "अच्छा" म्हणाल्या. मग थोडं थांबून परत एकदा "अच्छा" म्हणाल्या. दुसऱ्या अच्छाचा अर्थ आमच्या माणसाला शिकवावा लागत नाही.

त्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "अरे वा. अभिनंदन मामा. हे बघा, आपण इथं सगळे एका कुटुंबासारखेच आहोत. पण कुटुंबातसुद्धा दिवाणखान्यात कोण बसतं आणि मोरीशी कोण, हे ठरलेलं असतंच ना? तर हे नातं इथं नको. तिच्या मैत्रिणींना अवघडल्यासारखं होईल. तिच्याच भल्याचं सांगतेय. नातीचं आडनाव वेगळं आहे, ते एक बरंच झालं."

जागा तिच्या मार्कांची होती. मॅडमच्या बापाची नव्हती. तरी मी मान हलवली. का हलवली? नोकरी ठेकेदाराची. ठेकेदार मॅडमचा. आणि पोरगी त्यांच्या हाताखाली तीन वर्षं राहणार. गरिबाला धमकी मोठ्यानं द्यावी लागत नाही.

घरी येऊन अश्विनीला म्हणालो, "कॉलेजात मला मामा म्हणायचं. सगळे म्हणतात तसंच."

ती म्हणाली, "आबा, माझा मामा चाकणला आहे."

खरंच होतं. तिचा मामा म्हणजे माझा मुलगा. चाकणला कंपनीत आहे, बायकोपोरांत रमलाय, इकडं फिरकत नाही. मी तिच्या आईचा बाप. मला मामा म्हणायचं म्हणजे मी माझ्याच पोराच्या जागी जाऊन बसायचं. आम्ही त्यावर हसलो पण. लेक म्हणाली, "चला, एक मामा येत नाही, दुसरा रोज भेटेल."

मग रोज आम्ही धायरीहून एकाच पीएमटी बसमध्ये चढायचो. ती पुढं बसायची, मी मागं उभा. ती एक स्टॉप आधी उतरायची. पावसात, उन्हात, रोज एक स्टॉप चालत यायची, माझ्याबरोबर दिसू नये म्हणून. मी फाटकातून आधी आत जायचो. तिचा घोळका आला की सगळ्यांबरोबर तिचा आवाज यायचा, "मामा, लिफ्ट चालू आहे का?" पहिल्या वर्षी तो आवाज अडखळायचा. दुसऱ्या वर्षी अडखळेनासा झाला. मला त्याचं बरं वाटायचं. माणूस कशाकशात बरं वाटून घेतो.

तर त्या सोमवारी घरी गेलो. अश्विनी भिंतीकडं तोंड करून पडली होती. कोट तसाच अंगात. लेक म्हणाली, "काय झालं हिला? जेवत नाही, बोलत नाही." मी म्हणालो, "डोकं दुखत असेल."

दुसऱ्या दिवशी फाटकावरच्या वॉचमननं मला हाक मारली. तो वाशीमकडचा, पोटासाठी पुण्यात आलेला, माझ्यासारखाच ठेकेदाराचा माणूस. मोबाईल पुढं करून म्हणाला, "मामा, तुम्ही तर फेमस झाले ना बाप्पा." मी बघितलं. मी उठतोय, येतो म्हणतोय. मागं हसण्याचा आवाज चिकटवलेला. मग मी हात जोडतोय. ते तीन-तीनदा दाखवलंय, एकदा हळूहळू. वर लिहिलेलं, मामाचा मामा केला.

वॉचमननं माझं तोंड बघितलं आणि मोबाईल खिशात घातला. "मी नाई पाठवला कोणाले," म्हणाला. त्यानं पाठवला नसेल. पण ते पसरायला त्याची गरज नव्हती.

संध्याकाळी लेक घरी आली ती दारातच बसली. ती लोकांच्या घरी स्वयंपाक करते. कोथरूडला एका घरी पोळ्या करत होती, तेव्हा त्या घरचा मुलगा ओट्यापाशी आला. म्हणाला, "मावशी, हे बघा, काय भारी आहे." आणि तिला तिचा बाप दाखवला.

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"हसले," ती म्हणाली. "तो हसत होता. मी पण हसले, आबा. काय करू? हातात लाटणं होतं." मग तिनं पदर तोंडात कोंबला आणि रडली. थोड्या वेळानं चवताळून म्हणाली, "तुम्हाला हात जोडायची काय गरज पडली होती? कोणी सांगितलं होतं?"

तेव्हा अश्विनी भिंतीकडून वळली. पहिल्यांदा बोलली. "आई, आबांना नको बोलू. समोर मी होते."

लेकीला काही कळेना. तिनं व्हिडिओत फक्त मला बघितलं होतं. पोरगी पाठमोरी होती. मग अश्विनीनं सगळं सांगितलं. सरांनी आदल्या आठवड्यात कोणी कोण व्हायचं याच्या चिठ्ठ्या काढल्या होत्या. तिच्या वाट्याला मॅनेजर आला. समोर कोण बसणार ते सांगितलंच नव्हतं. ऐन वेळी सर म्हणाले, आपले मामा आहेत की, खराखुरा माणूस घेऊ. "मी थांबले असते तर का थांबलीस ते सांगावं लागलं असतं. मला वाटलं पाच मिनिटांचं आहे. आबांना कळेल की खोटं आहे." मग हळू म्हणाली, "आबांनी हात जोडले तेव्हा मला कळलं, यांना खरं वाटतंय. तेव्हा थांबायला पाहिजे होतं. पण पुढचं वाक्य तोंडात आलेलंच होतं. पाठ केलं होतं मी ते. आरशासमोर उभं राहून."

लेकीनं तिला मारलं. एकच, पण जोरात. आणि लगेच जवळ ओढलं.

मी दोघींपुढं पाण्याचा तांब्या ठेवला. 

अश्विनी कॉलेजला जायची बंद झाली. मी मात्र जात होतो. घर चालवायचं होतं. तो निळा शर्ट घालून मी त्याच वर्गांत पाणी ठेवत होतो आणि पोरं मला बघून हात जोडत होती. "मामा, येतो हं!" म्हणायची आणि जायची. रागानं नाही. गमतीनं. राग असता तर मी सोसला असता.

मग एके दिवशी सरांनी मॅडमच्या केबिनमध्ये बोलावलं. दोघंही होते. सर खुशीत होते. कॉलेजचा मोठा कार्यक्रम होता, मॅनेजमेंट फेस्ट. कंपन्यांची माणसं येणार होती, पालक येणार होते.

"मामा, तो आपला रोल प्ले स्टेजवर घ्यायचाय," सर म्हणाले. "यावेळी आधीच सांगतोय, म्हणजे तुम्ही घाबरणार नाही. पण घाबरायचं तसंच. काय? आणि ते हात जोडणं, ते तसंच आलं पाहिजे."

मॅडम म्हणाल्या, "यांना नवीन युनिफॉर्म द्यायला सांगा."

"नको मॅडम, हाच राहू दे. हा चांगला दिसतो," सर म्हणाले. मग मला म्हणाले, "ती मुलगी हल्ली येत नाहीये. आली तर तीच, नाहीतर दुसरी कोणी बघू."

मी त्या दोघांकडं बघत उभा होतो. दोघंही वाईट नव्हते. सरांनी मला खरंच चहा पाजला होता. मॅडमनी दिवाळीला मिठाईचा पुडा दिला होता. माझ्याकडं बघून त्यांना एक म्हातारा दिसत होता आणि त्या म्हाताऱ्याला हात जोडता येत होते. मला आयुष्यात आणखी काय काय येतं, कोणाचा मी कोण आहे, हे त्यांना विचारायचंच नव्हतं. आणि हे न विचारणं मी दोन वर्षं मान हलवून चालवून घेतलं होतं. पोरीलाही शिकवलं होतं. मामा हा शब्द अश्विनीनं आरशासमोर पाठ केला नव्हता. तो मी तिला घरी बसून पाठ करायला लावला होता.

  

"मी येणार न्हाई," मी म्हणालो.

"का? अहो, पाच मिनिटांचं काम."

"ती माझी नात हाय."

सरांना आधी कळलं नाही. "कोण?"

"अश्विनी. जिनं मला काढलं ती. माझ्या लेकीची लेक."

सरांचं तोंड उघडं राहिलं. मला वाटलं, आता तरी लाज वाटेल. त्यांनी मॅडमकडं बघितलं, परत माझ्याकडं बघितलं आणि त्यांचे डोळे चमकले. "माय गॉड," म्हणाले, "मग तर ही स्टोरीच आहे! मॅडम, विचार करा. शिपायाची नात, मॅनेजर. स्टेजवर दोघं. शेवटी आपण रिव्हील करू!"

माझं दुःख पण त्यांच्या कामाचं निघालं. कातडं सोललं तरी याचा पट्टा छान होईल म्हणणारी माणसं.

मॅडमचा चेहरा मात्र घट्ट झाला होता. त्या सरांना म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर थांबा." ते गेल्यावर मला म्हणाल्या, "मामा, आपलं काय ठरलं होतं?"

"मला मामा म्हणू नका," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"माझं नाव हाय. आडनाव पण हाय. तुम्ही विचारून घेतलंय. दोनदा अच्छा म्हणालाय. ते घ्या. माझ्या नातीनं आईच्या पोटातून मामा एकच आणलाय आणि तो मी न्हाई. मी तिचा आजा हाय. आजपासून ह्या इमारतीत पण."

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही दमलेले दिसताय. घरी जा."

आवाज तेव्हाही चढला नाही.

घरी पोचायच्या आत ठेकेदाराचा फोन आला. "उद्यापासून येऊ नको. आणि बिल्ला जमा कर." एवढंच. बसवून सांगितलं नाही, सर्व्हिस नाही, थँक्यू नाही. खरं काढणं हे असं असतं. ते सरांना शिकवायचं राहिलं.

अश्विनीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "झालं ना? आता मीही संपवते. आबा, मी दुसरीकडं काम बघते. दुकानात, कॉल सेंटरला, कुठंही."

"आणि शिक्षण?"

"शिकून काय करू?" ती ओरडली. ती कधी माझ्यावर ओरडली नव्हती. "तुम्हाला माहितीय ते काय शिकवतात? खर्च कमी कसा करायचा. माणसं कमी कशी करायची. आणि कमी करताना गोड कसं बोलायचं. ही डिग्री घेऊन मी कोणाला काढणार? तुम्हालाच. आईलाच. रोज एका आबाला काढणार मी, आणि पगार घेणार!"

  मी चौथी शिकलेला माणूस. पोरीनं विचारलं ते खरं आहे असं मला वाटतं. त्या खुर्चीत बसायला शिकवतात तेव्हा समोरच्या खुर्चीतल्या माणसाकडं न बघायला शिकवतात. माझ्या नातीनं पाण्याच्या जगाकडं बघितलं होतं.

लेक म्हणाली, "जाऊ द्या आबा. पोरगी मरून जाईल. नको ती डिग्री." ती भ्यायली होती. पोरगी नीट जेवत नव्हती. रस्त्यावर बसचा आवाज आला तरी तिच्या अंगावर काटा यायचा. मीही भ्यालोय. हे लिहितानाही भ्यालोय. आमच्या चाळीत मागं एक पोरगी अशीच भिंतीकडं तोंड करून पडली होती आणि मग उठलीच नाही. मला ते आठवतं आणि मी उठून अश्विनीचा श्वास बघून येतो.

पण मी हट्टी आहे. यार्डात सगळे म्हणायचे, हा पोतं टाकेल पण वाट सोडणार नाही. पोरगी आत्ता घरी बसली तर तिच्याजवळ एकच गोष्ट शिल्लक राहील. आपण आजोबाला काढलं. तेवढंच तिचं शिक्षण होईल. ते मला चालणार नाही. मला तिची माफी नको. मी तिला तसं सांगितलं. "रडू नको माझ्यासाठी. मला तू त्या वर्गात पाहिजेस. ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांच्या मधोमध. आणि सर परत विचारतील की माणसाला कसं काढायचं, तेव्हा तू उभं राहून काय सांगशील ते तुझं तू ठरव. मला ते येत न्हाई. पण तिथं दुसरं कोण हाय ते सांगणारं?"

ती परत भिंतीकडं वळली.

काल कॉलेजचा निरोप आला, लेकीच्या मोबाईलवर. अश्विनीची हजेरी कमी आहे. पालकांनी येऊन भेटावं, नाहीतर परीक्षेला बसता येणार नाही. लेक म्हणाली, "मी जाते, पाया पडते मॅडमच्या."

मी म्हणालो, "तू जाणार न्हाईस. कोणी पाया पडणार न्हाई. मी जाणार."

"आबा, ते तुम्हाला फाटकातून आत तरी सोडतील का?"

वॉचमननं मला फोनवर सांगितलंय. मला आत सोडायचं नाही असा हुकूम आहे. "मी काय करू जी, माह्या पण पोटाचा सवाल आहे," तो म्हणाला. मी त्याला म्हणालो, तू तुझं काम कर. मला अडव. मी तुझ्यावर रागावणार नाही. पण कोण आलंय ते वर कळव. शिपाई आला असं कळवू नको. अश्विनीचा पालक आलाय असं कळव. माझ्या पूर्ण नावानं कळव.

तर मी निघालोय. अश्विनी येते म्हणालेली नाही. नाही पण म्हणालेली नाही. तिनं फक्त कोटाला इस्त्री केलीय आणि तो दोरीवर टांगून ठेवलाय. मी त्यातून काही अर्थ काढत नाही. आली तर दोघं एकाच स्टॉपला उतरू. नाही आली तर मी एकटा उतरेन. आज नाही भेटले तर उद्या जाईन. उद्या हाकललं तर परवा. परीक्षेतून तिचं नाव कापायचं असेल तर आधी ते मला तोंडावर सांगावं लागेल, मराठीत, आणि मी ते मुकाट्यानं ऐकून घेणार नाही.